जुळ्यातली धाकटी

पाच वर्षांपूर्वी अंधेरीच्या एका तळघरात,
काचेच्या खोलीत, कानांना हेडफोन लावून
मी तिचं मराठी मोडलं.

पडद्यावर तिचे ओठ म्हणत होते,
"शेठ, भाड्याचं उद्या बघते, आज लेकरू तापलंय."
स्वच्छ. एक काना इकडचा तिकडे नाही.
दिग्दर्शक म्हणाला, छे, खरं वाटत नाही.
त्यानं कागदावर लिहून दिलं:
"शेट... बाडा... उदया. बच्चा गरम."
ओठांना पुरेल एवढं लांबवून मी ते म्हटलं.
तीनदा म्हटलं.
तिसऱ्यांदा तो खूश झाला.
दोन हजार रोख. वर चहा.

तिचं नाव नाकातो.
युगांडात जुळ्यातल्या धाकटीला म्हणतात
(हे पुढं तिनंच सांगितलं).
थोरली बाबिर्ये नऊ दिवसांची होऊन गेली.
पण आईला अजून सगळे नालोंगोच म्हणतात,
जुळ्यांची आई.
एक गेली म्हणून दिलेलं नाव परत घेत नाहीत.

नालोंगो नालासोपाऱ्यात वेण्या घालायची.
एका डोक्याला सहा तास. उठताना पाठीचा कोयता.
अकरा महिन्यांचा करार मालक सातव्यात मोडायचा,
मग टेम्पोत शेगडी, गादी, गिऱ्हाइकांचा मोठा आरसा
आणि आरशाला कवटाळून बसलेली पोर.
हलत्या आरशात चेहरा स्थिर ठेवायला
मी तिथं शिकले, म्हणते.
मुलाखतीत नाही म्हणत. मला म्हणाली.

शाळा जिल्हा परिषदेची.
पोरं काय काय हाका मारायची ते इथं लिहीत नाही.
शुद्धलेखनात मात्र
त्यांतल्या एकाचाही तिच्यापुढं नंबर आला नाही.

सतराव्या वर्षी गोरेगावला, गर्दीत उभी राहायला.
पाचशे रुपये, त्यातले दोनशे आणणाऱ्याचे.
भूमिका: गुंडामागची बाई.
मग गुंडामागची दुसरी बाई.
एकदा तर नुसताच हात, पुडी पुढं करणारा.
रंगभूषेच्या पेटीत तिच्या रंगाची डबीच नव्हती.
दादा काजळ नि तपकिरी घोटून काहीतरी फासायचा,
घरी पोचेपर्यंत मान खाजायची.

त्या तळघराच्या जिन्यात आमची गाठ पडली.
"तुम्हीच का माझा आवाज?"
मला काही बोलता येईना,
मी, जिचं पोट बोलण्यावर.
"छान करता," ती म्हणाली.
"पण कालिंदीताई, बच्चा गरम म्हणजे काय हो?
आमच्याकडे पोरं तापतात. गरम वडे असतात."
मी हसले.
ती हसली नाही.

मग एका नवख्या पोरानं कर्ज काढून सिनेमा केला.
नायगावचा बर्फाचा कारखाना,
रात्रपाळीला हिशेब लिहिणारी मुलगी.
कराराच्या तळाशी तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं,
'आवाज माझाच राहील.'
अट एवढीच. पैशाचं तिनं विचारलंसुद्धा नाही.

मला फोन आला नाही.
येणार नाही हे कळायला दोन महिने गेले.
रागावले होते का? हो. घराचा हप्ता होता.

सिनेमा चालला. वसईच्या पुलावर तिचा चेहरा,
बसच्या खिडकीत मावत नव्हता एवढा.
जुना मालक फोटो काढायला पेढे घेऊन आला.
नालोंगोनं पेढे ठेवून घेतले, फोटोला उभी राहिली नाही.
आता त्यांची स्वतःची खोली आहे, स्वयंपाकघर वेगळं.
आरसा भिंतीत ठोकलाय,
चार खिळे पुरले असते, आठ मारलेत.

मी दुपारच्या खेळाला गेले. एकटी.
पहिलंच वाक्य: "बर्फाला घाई चालत नाही, काका."
मी दिला होता त्याहून जाड आवाज,
तळाशी किंचित फाटलेला.
माझा गळा सवयीनं हलला, मग थांबला.

शेजारची बाई नवऱ्याला कुजबुजली,
"कुणाचा आवाज घातलाय हो? किती बरोबर बसलाय!"

तिचाच आहे, मी म्हणाले.
त्यांना पटलं नाही.
मध्यंतरात पुन्हा सांगितलं.